पिशवीमुक्त गाव

शिरूर कासारजवळच्या एका गावात बबिता नावाच्या सत्तावीस वर्षांच्या बाईची पाळी बिघडली. कधी महिन्यातून दोनदा यायची, कधी तीन-तीन महिने यायचीच नाही. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. उपकेंद्रातल्या तेजश्री सिस्टरनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, की रानातली फवारणी बबिताच करते आणि घरचं पिण्याचं पाणी फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरलेलं असतं.

"अगं, यातली काही औषधं अंगातल्या हार्मोनला चकवतात. कॅन आधी फेक," सिस्टर म्हणाली. "आणखी कुणाला त्रास आहे?"

"मला धरून आमच्या गल्लीतच अकरा जणी हायत."

अकरा जणींचा अर्ज कचेरीत गेला: पाण्याची तपासणी व्हावी. अर्जुनराव नावाच्या अधिकाऱ्यानं तो दोनदा वाचला आणि समोरच्या बबिताकडे पाहिलं.

"हे कीटकनाशक आहे. त्याचा परिणाम कीटकांवर होतो. आपण कीटक आहात का?"

"न्हाई, साहेब."

"मग आपल्यावर परिणाम होण्याची तरतूद नाही."

तरीही नियमाप्रमाणे सहा पुरुषांची महिला आरोग्य समिती नेमण्यात आली. 'पाळी' हा शब्द सरकारी कागदावर शोभत नाही, म्हणून इतिवृत्तात 'मासिक अनियमित' अशी नोंद झाली. त्यामुळे फाईल ग्रंथालय विभागाकडे गेली. पाच महिन्यांनी उत्तर आलं: 'सदर मासिकाचे नाव व प्रकाशकाचा पत्ता कळवावा. मागील अंक मिळणार नाहीत.'

तोवर एका खासगी दवाखान्याचं शिबिर गावात होऊन गेलं. डॉक्टरनं अकराही जणींना एकच उपाय सांगितला: पिशवी काढा. नऊ जणी त्रासाला कंटाळल्या होत्या. त्यांनी गर्भाशय काढून घेतलं. एक जण तयार होईना आणि बबिता तर अडूनच बसली.

"मला लेकरू पायजे, डॉक्टर. पाणी तपासायचं सोडून माझी पिशवी कशापायी काढता?"

समितीनं अहवाल दिला: 'नऊ पिशव्यांचे निर्मूलन पूर्ण. दोन शिल्लक.' तो वाचून वरून प्लास्टिकबंदीबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं. उरलेल्या दोन पिशव्या निघताच पुरस्कार मिळणार होता. अर्जुनराव स्वतः बबिताच्या दारात आले.

"बाई, गावाचं बक्षीस तुमच्यामुळं अडलंय."

"तुमच्या घरी किती हायत, साहेब? एक तिकडून द्या की."

अर्जुनराव जीपमध्ये जाऊन बसले.

बबितानं स्टीलची टाकी आणली. नवऱ्याशी, हनुमानशी, भांडून फवारणी बंद पाडली. चार महिन्यांनी पाळी तारखेला आली. औषध थांबल्यानं की योगायोगानं, हे सिस्टरलाही सांगता येईना. पण बबिता त्या दिवशी ढसाढसा रडली. रानातल्या वांग्यांना मात्र भोकं पडली. ती वांगी पाटीत भरून बबिता पाटोद्याच्या बाजारात जाऊन बसली.

"औषध मारल्यालं न्हाई, ताई. किडा खाऊन जगलाय, तुमीबी जगाल."

संध्याकाळपर्यंत पाटी तशीच भरलेली राहिली. शेजारी चकचकीत वांग्यांचा ढीग होता आणि तिथं गर्दी मावत नव्हती. त्या गर्दीत, वाचकहो, आपणही होतात. हातातल्या वांग्याला टाचणीएवढं भोक दिसलं, तसं आपण ते ढिगात परत टाकलंत आणि कपाळाला आठी घालून विचारलंत, "नीट फवारत नाही का हो तुम्ही?"