आठव्या दिवशी दाखवा

माझं लग्न ठरलं तेव्हा मी शेजारच्या मार्तंडतात्यांकडे पेढे घेऊन गेलो. तात्यांनी पेढा तोंडात टाकला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "छान. आठव्या दिवशी दाखवा."

काय दाखवायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. तात्यांचं सगळ्यालाच असं असे. मी नव्या चपला घेतल्या, त्या त्यांनी उलटसुलट करून पाहिल्या आणि आठव्या दिवशी दाखवायला सांगितल्या. समोरच्या वाण्याने दुकानावर रंगीत पाटी लावली, तिलाही आठ दिवसांची मुदत मिळाली. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी मी चिंचवडात नव्हतो, पण तात्या चौकात काय म्हणाले असतील ते मला न सांगता कळतं.

हा त्यांच्या नोकरीचा गुण. तात्या देवी काढणारे, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणारे होते. कागदोपत्री हुद्दा 'व्हॅक्सिनेटर'. तो शब्द तोंडात मावेना म्हणून खेड्यातल्या लोकांनी त्यांना 'देवीतात्या' करून टाकलं होतं. स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली होती. चिंचवड ओलांडलं की शेतं लागत आणि पिंपरीच्या माळावर एका कारखान्याचा पाया नुकता खणायला घेतला होता. चिखली, मोशी, तळवडे ही तात्यांची गावं. पोराच्या दंडावर दोन ठिकाणी लस टोचायची आणि आठव्या दिवशी जाऊन बघायचं. फोड उठला असला तर लस लागली, नसला तर पुन्हा टोचायचं. बाकीचे टोचणारे आठव्या दिवशी पाटलाच्या ओसरीवर बसून चहा घेत आणि पाटील सांगेल ते वहीत लिहीत. तात्या दारोदार जात. "उठल्यात तात्या, चांगल्या उठल्यात," असं आई सांगू लागली की म्हणत, "सांगू नको, दंड दाखव."

त्यांच्या सायकलच्या कॅरियरला एक गाडगं बांधलेलं असे. त्याला भोवती ओलं गोणपाट, आत लसीच्या काचेच्या नळ्या. उन्हाने लस मरते, म्हणून तात्या सावलीसावलीने सायकल चालवत. मी चिखलीच्या शाळेत मास्तर होतो. चिंचवडहून सरळ रस्त्याने मी सायकलवर अर्ध्या तासात शाळेत पोचत असे. तात्या ओढ्याकाठच्या करंजांखालून, कुणाच्या तरी आमराईतून, कधी उलट्या दिशेलाही जाऊन दीड तासाने येत. वाटेत विहीर दिसली की उतरून गोणपाट भिजवत. स्वतः घामाने निथळत, गाडगं मात्र थंडगार. "मी मेलो तर दुसरा माणूस नेमतील," ते म्हणत. "ही मेली तर कुणाला कळायचंसुद्धा नाही."

घरात ते आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, अशी दोघंच. वहिनी फारशा बोलत नसत. आळीत बारसं असलं की ओटीचं सामान दुसऱ्याच्या हाती पाठवत, स्वतः येत नसत. त्यांना मूलबाळ झालं नसावं, असं मी समजत होतो.

एका वर्षी आसपास देवीची साथ आली आणि टोचून घेण्याची सक्ती झाली. सक्तीला आरंभ हवा आणि आरंभाला पुढारी हवा, म्हणून लोकल बोर्डाचे एक सभासद हार घालून घ्यायला आमच्या शाळेत आले. दीड तास बोलले. शास्त्र, धर्म आणि नवा भारत यांना त्यांनी एकाच दाव्याला बांधलं. तात्या स्पिरिटचा दिवा पेटवून शेजारी उभे होते. टाळ्या थांबल्या तसे म्हणाले, "साहेब, बाही वर करा. आपल्यापासून सुरुवात करू."

साहेबांना पुण्याची गाडी आठवली. ते गेले आणि पाच मिनिटांत शाळेचं अंगण रिकामं झालं. दीड तासाच्या भाषणातून गावाला जे समजायचं ते नेमकं समजलं होतं.

त्यात भर म्हणून एक अफवाही उठली होती. ज्या पोरांच्या दंडावर खूण होईल ती पिंपरीच्या कारखान्याच्या पायात बळी म्हणून घालणार, असं गाव बोलत होतं. शाळेला लागून हौसाचं घर होतं. तिची चंपा तीन वर्षांची. तात्या मला घेऊन आधी तिथेच गेले. हौसाने दार अडवलं.

"आमी न्हाई टोचून घ्यायाचं. खूण केली की पिंपरीला न्हेत्यात."

"कोण म्हणतं?"

"समदं गाव म्हनतंय. मास्तरास्नी इचारा."

मी जमिनीकडे पाहिलं. तात्यांनी सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारली. दंडावर जागा उरली नव्हती. "हे बघ. जे गाव मला आधी स्वतःला टोच म्हणालं, त्या प्रत्येक गावाचं एक. मला अजून कुणी पायात घातलं नाही. आणि एवढ्याशा पोरीवर कारखाना उभा राहील व्हय गं? त्याला माझ्यासारखं धूड लागेल."

हौसा हसली नाही. "न्हाई म्हनलं तर पाटलाला बोलवाल."

"सक्ती आहे, बोलावता येईल. पाटील दंड धरील आणि निघून जाईल. पुढचे आठ दिवस कोण धरणार?"

काय पटलं कोण जाणे, ती बाजूला झाली. तात्यांनी चंपाच्या दंडावर लसीचे दोन थेंब ठेवले आणि दातेरी टोकाची टोचायची छोटी फिरकी दोन बोटांत भोवऱ्यासारखी फिरवली. मिनिटभराचं काम. खरा तात्यांचा वेळ पुढे जाई. लस वाळेपर्यंत ते पोराचं मनगट सोडत नसत आणि तोवर चाकणच्या बाजाराला कांदे घ्यायला निघालेल्या कोल्ह्याची गोष्ट सांगत. कोल्ह्याला वाटेत सगळे भेटत. माझ्या ऐकण्यात तो मोशीच्या पुढे कधीच गेला नाही.

"टोचलंत न्हवं?" हौसा म्हणाली. "सोडा की आता."

"वाळू दे. हौसा, मूठ उघड."

हौसाच्या मुठीत पदराचं टोक होतं, ओलं पिळून धरलेलं.

"पुसायची तर माझ्यासमोर पूस," तात्या शांतपणे म्हणाले. "म्हणजे मला पुन्हा टोचता येईल."

हौसा रडू लागली. "ताप यील वो पोरीला."

"येईल. दोन दिवस फणफणेल. तुला माझा राग येईल. मी आठव्या दिवशी येतो, तेव्हा काय बोलायचं ते बोल."

आठव्या दिवशी हौसा चंपाला कडेवर घेऊन गावाच्या शिवेवरच उभी होती. तात्या सायकलवरून उतरायच्या आत तिने पोरीचा दंड पुढे केला. दोन्ही फोड टपोरे उठले होते. "लई रडली," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी चिखलीतली निम्मी दारं आपणहून उघडली.

परतताना आम्ही ओढ्यावर थांबलो. तात्या गोणपाट भिजवत होते. मी विचारलं, "तिच्या मुठीत ओला पदर आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"एका घरी उशिरा कळलं, म्हणून आता लवकर कळतं."

"कुठल्या घरी?"

"विश्वासाचं घर होतं. टोचलं आणि लगेच दौऱ्यावर गेलो. आठव्या दिवशी बाई म्हणाली, उठल्यात छान. पोरगी झोपली होती. उठवून दंड कुठे बघायचा, म्हणून मी तसंच वहीत लिहून टाकलं. पुढच्या साथीत पोरगी आजारी पडली, तेव्हा दंड पाहिला. वणसुद्धा नव्हता. फोड उठलाच नव्हता, तर उठला असं ती का म्हणाली असेल, मास्तर? पुसली असणार."

"पोरगी?"

"गेली."

"तुम्ही त्या बाईला काही बोलला नाहीत?"

"पोर तिचं गेलं होतं," तात्या म्हणाले. "मला कळलंय हे तिला कळलं, तर ती जगायची नाही. कचेरीला लिहून दिलं, लस उन्हाने मेली होती, माझी हयगय झाली. घ्या, चला. सावली सरकली."

त्यानंतर दीड वर्षाने आम्हाला मुलगी झाली. ती सहा महिन्यांची झाल्यावर तात्यांनी आमच्या घरी येऊन तिला टोचलं. माझी आई मावळातून आली होती. आपला मुलगा लोकांच्या पोरांना धरून टोचवतो याचा तिला अभिमान होता, पण नातीचा दंड म्हटल्यावर ती म्हणाली, "एवढ्याशा जिवाला कशाला? पुढच्या साली बघू." खरं सांगायचं तर, माझाही हात आखडला. गावाला शहाणं करणारा मास्तर मी, आणि फिरकी फिरली तेव्हा तोंड वळवून उभा होतो. कोल्हा त्या दिवशी चिखलीच्या वेशीपर्यंतच आला.

आठव्या दिवशी सकाळी दारात तात्या नव्हते. वहिनी होत्या.

"ह्यांनी पाठवलंय," त्या म्हणाल्या. "दंड बघून ये म्हणाले."

त्या आमच्या घरात पहिल्यांदाच येत होत्या. पाळण्याशी बसल्या, मुलीला मांडीवर घेतलं, झबल्याची बाही वर केली आणि दंड खिडकीच्या उजेडात धरून पाहत राहिल्या. फार वेळ. आई आत चहा टाकायला गेली, तेव्हा मुलीवरची नजर न काढता त्या बोलल्या.

"आमची सुमन हिच्याहून थोडी मोठी होती. ह्यांची पाठ वळल्याबरोबर मी पदर ओला केला आणि लस पुसली. ताप येईल म्हणून. आठव्या दिवशी ह्यांनी विचारलं, तर उठल्यात म्हणून मीच सांगितलं."

मला ओढा आठवला, विश्वासाचं घर आठवलं.

"ह्यांना अजून वाटतं, लस उन्हाने मेली. म्हणून इतकी वर्षं ते गाडगं घेऊन सावलीसावलीने हिंडतात. लोक हसतात. मला बघवत नाही भाऊजी, आणि सांगवतही नाही. तुम्ही सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हणालो. आता माझ्याकडे दोघांचं एकच गुपित होतं आणि दोघांनाही ते द्यायचं नव्हतं.

बाहेर अंगणात तात्या सायकल धरून उभे होते. वही सीटवर, पेन्सिल कानावर. वहिनी ओट्यावर आल्या तसं त्यांनी विचारलं, "काय?"

"उठल्यात," वहिनी म्हणाल्या. "दोन्ही."

तात्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि वहीत लिहिलं. मी मुलीला घेऊन पुढे झालो, तिची बाही मी आधीच वर सारली होती. "तात्या, बघा तरी."

"कशाला?" तात्या म्हणाले. "हिने बघितलंय." आणि त्यांनी वही मिटली.

वहिनी आमच्या ओट्यावरचा पाण्याचा तांब्या उचलून सायकलपाशी गेल्या आणि गाडग्याभोवतीचं गोणपाट भिजवू लागल्या. हळूहळू, चारी बाजूंनी. ते पुरतं भिजेपर्यंत तात्या दोन्ही हातांनी सायकल घट्ट धरून उभे होते.