चेहऱ्यावरचं ऊन

गेल्या चैत्रापासून आमच्या गावात माणसांच्या चेहऱ्यावर ऊन पडत नाही. भिंतींवर पडतं, वाळत घातलेल्या कुरडयांवर पडतं, हातापायांवरही पडतं; हनुवटीपाशी आलं की थांबतं. त्यामुळे चेहरे सपाट दिसतात आणि उजेड-सावली ज्याची त्याने लावून घ्यावी लागते. उजेडासाठी गालाच्या उंचवट्यावर आणि नाकाच्या दांडीवर हायलायटरची चमकती पावडर, सावलीसाठी गालाखाली आणि कपाळाच्या कडेला तपकिरी ब्राँझर. नगरपालिकेने त्यासाठी मंडईत केंद्र उघडलं आहे.

मी आयुष्यभर कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवलं. या बाबतीत माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला देता आलं नसतं.

मी केंद्रावर जायची टाळाटाळ केली, कारण तिथे आपला रंग सांगावा लागे आणि मला माझा ठाऊक नव्हता. पण माझ्या पत्नीने, इंदुमतीने, मला घरात घेणं बंद केलं.

"अगं, मीच आहे. आवाज तरी ओळख."

"आवाज काय, कुणीही काढेल," ती आतून म्हणाली.

तिचाही चेहरा सपाटच होता. पण ती घरात होती, तेव्हा तीच असणार, असं मी धरून चाललो. मी व्हरांड्यात झोपू लागलो. पाठ धरली, तेव्हा केंद्रावर गेलो.

खिडकीवर रुकसानाबाई होत्या. "सर, मनगट दाखवा. शिरा हिरव्या दिसल्या तर सोनेरी हायलायटर, निळ्या दिसल्या तर मोतिया."

माझ्या एका मनगटावर हिरव्या होत्या, दुसऱ्यावर निळ्या.

"कुठलं मनगट धरायचं?"

"ते तुम्ही सांगायचं. तुमचंच आहे ना? आणि नीट सांगा, एकदा लावलेली छटा बदलून मिळत नाही."

मी विचार करू लागलो. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ प्रोफेसर, वेळ संपली, पेपर द्या!"

"बरं," रुकसानाबाई दमून म्हणाल्या, "लग्न जमवताना तुमचा रंग काय सांगितला होता?"

"निमगोरा. मामांनी सांगितला होता."

"झालं तर मग. सगळे तोच धरतात."

मामांनी थोडा चढवून सांगितला असावा, अशी मला शंका होती. खरे निमगोरे आमचे अण्णा, माझे थोरले भाऊ. पण इतक्या वर्षांत कोणी हरकत घेतली नव्हती, आणि उभं राहून माझे पाय दुखत होते. रुकसानाबाईंनी मोतिया हायलायटर लावला, फिकट ब्राँझर फिरवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी दार वाजवलं. इंदुमतीने उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि लगबगीने पदर सावरला.

"अगंबाई, अण्णा! या ना, बाहेर का उभे?"

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. त्याबद्दल तिने काही विचारलं नाही, मलाही मुद्दा काढणं प्रशस्त वाटलं नाही. तिने मला आरामखुर्चीत बसवलं. पाठीला बरं वाटलं. अण्णांना लागायचा तसा, भरपूर साखरेचा चहा दिला.

"यांचा पत्ता नाही हो," ती म्हणाली. "कोण एक सपाट माणूस व्हरांड्यात झोपायचा, तोही आज दिसत नाही. तुम्हाला भेटले तर पाठवून द्या. रागवू नका त्यांच्यावर, घाबरट आहेत. मला एकटीला जेवण जात नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

तिने माझं ताट वाढलं, शेजारी त्यांचं वाढून झाकून ठेवलं आणि दाराकडे बघत बसली. मीही बघत बसलो.