पुढचं उजवं, मागचं डावं

दस्तगीरच्या मशीनवर माझी जीप सरळ निघाली आणि मी वाकडा निघालो, म्हणून नियमाप्रमाणे मला पुढून काढून मागं लावण्यात आलं. यात लपवण्यासारखं काही नाही. टायरचं करतात तेच माझं केलं.

मी रंगराव थोरात. शाळा तिसरीपर्यंत, आणि तिसरीतसुद्धा मला ढकललंच होतं. एकतीस वर्षं वडाप करतोय, म्हणजे आमच्या गावाहून तालुक्याला जीपमधून माणसं न्यायची आणि आणायची. जीप दहा माणसांची आहे. मी सतरा बसवतो. पुढं माझ्याशेजारी चार. चौथा आत घुसला की ड्रायव्हर आपोआप दाराकडं सरकतो आणि त्याचं उजवं ढुंगण बाहेर वाऱ्यावर जातं. आमच्याकडं ड्रायव्हर ओळखायची हीच खूण. जो अख्ख्या सीटवर बसतो, त्याला लोक मालकाचा पाहुणा समजतात.

दुखणं पुढच्या उजव्या टायरचं होतं. बाहेरच्या अंगानं टक्कल, आतल्या अंगाला नक्षी जशीच्या तशी. नवं घातलं, आठ महिन्यांत तेच. गाडी टायर खाते म्हणतात, पण माझी गाडी अर्धं खाऊन अर्धं ताटात टाकत होती. मी आधी रस्त्याला शिव्या दिल्या, मग टायरवाल्याला दिल्या. हवा कमी ठेवून बघितली, जास्त ठेवून बघितली. डावं टायर काढून उजवीकडं घातलं, ते तर सहाच महिने टिकलं. मला शहाणपण सांगायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, की एकतीस वर्षं गाडी मी चालवतोय, तू नाही.

खंडेनवमीला आम्ही गाडीची पूजा करतो, पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवतो आणि गाडी वरून नेतो. माझं डावं लिंबू फुटायचं. उजवं दर वर्षी सटकून गटारीत जायचं. मी म्हणायचो, लिंबू कच्चं होतं. किती वर्षं लिंबू कच्चं निघावं, याला काही हिशेब असतो, पण मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

यंदा जीपचं पासिंग आलं, म्हणजे आरटीओची तपासणी. पासिंगच्या साहेबानं टायरवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "चाकं सरळ असल्याचा कागद दसऱ्यापर्यंत आणा. नाहीतर गाडी रस्त्यावर दिसता कामा नये." म्हणून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी जीप घेऊन दस्तगीरकडं गेलो.

दस्तगीर मुलाण्याचं दुकान तालुक्याच्या स्टँडामागं आहे. त्याचा बाप सुतळी ताणून चाकं सरळ करायचा. पोरानं मशीन आणलंय. त्यानं गाडी जॅकवर घेतली, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, खाली झोपून सांधे बघितले, मग मशीनचे चिमटे चारी चाकांना लावले. काचेवर चार आकडे आले. चारी हिरवे.

"तात्या, हवा बरोबर हाय, बेअरिंग बरोबर हाय, सांधे टाइट हायत. चाकं सरळ हायत."

"मग टायर का खातीया?"

त्यानं डोकं खाजवलं. "जरा तुमी गाडीत बसा."

मी बसलो. पुढच्या उजव्या चाकाचा आकडा लाल झाला.

"उतरा."

हिरवा.

"बसा."

लाल. असं त्यानं मला सहा वेळा बसवलं आणि सहा वेळा उतरवलं. सातव्या वेळी मी म्हणालो, तुझं मशीन बिघडलंय. तो म्हणाला, असंल, बघू. शेजारच्या दुकानातून त्यानं मीठ आणलं, काट्यावर माझ्याइतकं, एकाहत्तर किलो, भरून एक पोतं केलं आणि ते माझ्या सीटवर ठेवलं. चारी आकडे हिरवे.

ते पोतं माझ्यापेक्षा सरळ बसलं होतं. आणि ते तिसरीपर्यंतसुद्धा शिकलेलं नव्हतं.

"गाडीत दोष न्हाई," दस्तगीर म्हणाला. "ड्रायव्हर मशीनवर घ्यावा लागंल."

"घे," मी म्हणालो. मला वाटलं, आता तरी मशीनची खोड कळेल.

त्यानं मला चपला काढून दोन पत्र्यांवर उभं केलं. खांद्यांना चिमटे लावले, गुडघ्यांना लावले. माझ्या चपला उलट्या करून बघितल्या. उजवीची बाहेरची कड शिल्लकच नव्हती. मग त्यानं टायरवर फिरवतो तसा माझ्या पाठीवरून खालपर्यंत हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"उजव्या ढुंगणावर कंपनीची नक्षी अजून तशीच हाय," तो म्हणाला. "डावं पार घासलंय. कापड दिसाय लागलंय."

मशीननं कागद काढला. गाडीच्या नंबराच्या जागी माझं नाव होतं. उजवीकडं कल साडेसहा. चालण्यासारखा कल अर्धा. खाली लिहिलं होतं, वाहनास जोडण्यास अयोग्य.

"वाकडा तर वाकडा," मी म्हणालो. "ठोकून सरळ कर. वेळ न्हाई मला."

"तात्या, या वयात ठोकलं तर तडकंल."

"मग?"

"अदलाबदल. पाच हजार किलोमीटर. त्याशिवाय पासिंगचा कागद देता येत न्हाई."

आता अदलाबदल काय असते, हे मला सांगायची गरज नव्हती. एका अंगानं घासलेलं पुढचं उजवं टायर काढून मागं डावीकडं लावायचं, आणि मागचं डावं पुढं उजवीकडं आणायचं. मग झीज सारखी होते. मी स्वतः शंभर वेळा केलंय.

"माझ्या मागं डावीकडं काय हाय?" मी विचारलं.

दस्तगीरनं जीपच्या मागच्या दारातून आत वाकून बघितलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात मांडीवर टोपली घेऊन हौसा बसली होती. एवढं सगळं चाललं होतं तरी ती उतरली नव्हती, कारण तिला उतर असं कोणी म्हणालं नव्हतं.

हौसा माझी बायको. बावीस वर्षं ती त्या कोपऱ्यात बसते. पुढची जागा गिऱ्हाइकाची असते आणि बायको काही गिऱ्हाईक नसते, म्हणून ती मागं. मागचं दार लावायचं आणि पत्र्यावर थाप मारायची, एवढं तिचं काम. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

"हिला गाडी येत न्हाई," मी म्हणालो.

"मागचं टायर पुढं लावताना तुमी त्याला इचारता का, तुला पुढं चालाय येतंय का म्हणून?"

"लायसन?"

"लायसन जागेला असतंय, तात्या. माणसाला असतं तर तुमचं कवाच काढून घेतलं असतं."

त्यानं हौसाला उतरवून पत्र्यांवर उभं केलं. आकडा शून्य आला. बावीस वर्षं आदळून शून्य कसा, असं मी विचारलं. दस्तगीरनं तिच्या दोन्ही चपला बघितल्या, मग तिच्याकडं बघितलं.

"टोपली कुठल्या मांडीवर घेता, काकी?"

"दर फेरीला बदलती," हौसा म्हणाली. "एकीलाच भार का द्यायचा?"

"बघा," दस्तगीर मला म्हणाला. मग तिला म्हणाला, "काकी, तुमाला पुढं लावतोय. हरकत हाय का?"

हौसानं जरा विचार केला. "पुढं ऊन लागतंय का?"

"सकाळच्या पारी लागतंय."

"मग पदर घीन डोक्यावर."

हा तिचा जबाब त्यानं कागदावर लिहून घेतला आणि खाली तिची सही घेतली. माझ्या बायकोला सही येते, हे मला तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या फेरीला ढगे गुरुजी आले. हे रिटायर झालेले हेडमास्तर, रोज पेपर वाचायला तालुक्याला जातात. एकोणीस वर्षं ते पुढं, गिअरचा दांडा दोन गुडघ्यांत धरून बसतात. हौसा स्टेअरिंगवर बसली होती. अख्ख्या सीटवर.

"वहिनी, जरा सरका," गुरुजी म्हणाले. "चौथा येतोय."

"गुरुजी, ही जागा गाडी चालवणाऱ्याची हाय. चौथ्यानं मागं बसावं."

चौथा निमूट मागं आला आणि माझ्या अंगावर बसला. गुरुजींनी पाय लांब केले. मग मान वळवून मला म्हणाले, "रंगराव, आज पहिल्यांदा गिअर दिसला. आजवर नुसता टोचत होता."

हौसानं गाडी काढली. मी देवाचं नाव घेतलं, पण गाडीच अशी सरळ चालली, की देवाला मधे घालायचं काही कारण उरलं नाही. याचाच मला जास्त राग आला.

मागच्या त्या कोपऱ्यातली बसायची फळी डावीकडं तुटलेली आहे. म्हणजे माणूस तिथं उजव्या ढुंगणावरच बसू शकतो, डावं अधांतरी. शिवाय सगळी धूळ तिथंच येते आणि धूर वर येऊन डोळ्यात जातो. दुपारी मी हौसाला म्हणालो, "फळी तुटल्याली का न्हाई सांगितलीस?"

"सांगितली. नऊ वर्षामागं."

"मला ऐकू न्हाई आलं."

"तुमी पुढं हुता," ती म्हणाली.

मी दस्तगीरला फोन करून विचारलं, फळी बदलू का. तो म्हणाला, बदलू नका, तुमची उजवी बाजू घासायची हाय, तिच्यावरच सगळं काम हाय. म्हणजे नऊ वर्षांचा माझा आळस माझ्याच औषधाला आला.

पहिले पंधरा दिवस मी मागून गाडी चालवायचा प्रयत्न केला. वळणाआधी थापा मारायच्या, चढाला थापा मारायच्या. एकदा ओढ्याच्या पुलावर मी सलग पाच थापा मारल्या. हौसानं गाडी बाजूला घेतली, उतरून मागं आली.

"काय झालं?"

"ब्रेक लवकर दाबलास."

"पाच थापांचा अर्थ काय?"

"अर्थ काय न्हाई."

"मग मारू नका. एक थांब, दोन चल. गिअर बदल, अशी थाप नसती."

गाडीतल्या पंधरा माणसांनी माझ्याकडं बघितलं. त्यातला एक म्हणाला, "म्हातारबा, गप बसा की." तो मला ओळखत नव्हता. ओळखणारे काही बोलले नाहीत, हे मला जास्त लागलं.

मी मग किलोमीटर मोजत बसलो. बाकी कसली आस नव्हती, एकच, की पाच हजार भरावेत आणि माझं स्टेअरिंग माझ्या हातात यावं. एकतीस वर्षांत मी दुसरं काही शिकलो नाही. ते गेलं तर मी म्हणजे सतरा माणसांतला एक, आणि तोही तुटक्या फळीवरचा.

पाच हजार बरोबर खंडेनवमीच्या सकाळी भरले. गुरुजींना घेऊनच आम्ही थेट दस्तगीरच्या दारात गेलो. त्यानं आधी पुढचं उजवं टायर बघितलं, हौसा पुढं बसली तेव्हा नवं घातलेलं. नक्षी इकडून तिकडं एकसारखी. मग मला पत्र्यांवर उभं केलं. आकडा शून्य. त्यानं कागदावर शिक्का मारला.

"पासिंग हुतंय आता, तात्या. तुमी बी कुठल्याबी जागेवर चालता. कुठं लावायचं ते मालकानं ठरवायचं."

मालक मी. "मी पुढं," मी म्हणालो.

हौसा स्टेअरिंगवरून उतरली, टोपली घेतली आणि मागं जाऊन कोपऱ्यात बसली. गुरुजींनी पाय आखडून घेतले. चौथा अजून आलाही नव्हता.

दस्तगीरनं झेंडूचा हार बांधला, नारळ फोडला, दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. मी अख्ख्या सीटवर बसलो. पाठ ताठ, खांदे सारखे. किल्ली फिरवली आणि गाडी पुढं घेतली. तेवढ्यात मला उजवीकडं गार लागलं. खाली बघितलं तर अर्धा मी दाराबाहेर होतो. कधी गेलो ते मला माहीत नाही. शेजारी कोणी ढकलत नव्हतं.

डावं लिंबू फुटलं. उजवं सटकून गटारीत गेलं.

दस्तगीरनं ते उचललं आणि पुसलं.

"कच्चं असंल," मी म्हणालो.

"पिकल्यालं हाय."

"कागदावर शून्य हाय की."

"कागद तुमी बसायच्या आदीचा हाय, तात्या."

गुरुजी आपल्या गुडघ्यांकडं बघत होते. मी आरशात बघितलं. मागं कोपऱ्यात हौसानं टोपली या मांडीवरून उचलून त्या मांडीवर घेतली.

मी इंजिन बंद केलं, उतरलो आणि मागच्या दाराशी गेलो.

"हौसे, पुढं ऊन आलंय. पदर घे."

तिनं माझ्याकडं बघितलं, टोपली माझ्या हातात दिली आणि पदर घेत पुढं गेली. दस्तगीरनं नवी लिंबं ठेवली. गाडी हलली. दोन्ही लिंबं एकदम फुटली, आवाज एकच आला.

जाताना दस्तगीरनं विचारलं, "फळी बदलायची का आता?" मी म्हणालो, उद्या बदलू. मग मी कोपऱ्यात बसलो, दार ओढून घेतलं, टोपली उजव्या मांडीवर ठेवली आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.