तात्यांची हरकत

दामूतात्यांनी एकदा भर लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, हरकत घेतली होती. भटजी शेवटचे ‘सावधान’ म्हणणार, तोच तात्या उभे राहिले. “हरकत हाय!” वधूपित्याचा चेहरा पांढराफटक पडला. तात्यांचे म्हणणे एवढेच होते, की नवरदेवाच्या डोळ्यांवर ऊन येते आहे, त्याच्या पायाखालचा पाट सरकवा. पाट सरकला, मगच अक्षता पडल्या.

पेण-रोहा एसटीत त्यांची हरकत खिडकीला असे, देवळात घंटेच्या उंचीला आणि माझ्या बाबतीत थेट शिक्षणाला. “येवढं शिकलीस गो, नि शेवटी कचऱ्यातच पडलीस!”

ते खरेच होते. पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊन मी आमच्या गावाजवळ होऊ घातलेल्या कचरा-प्रक्रिया प्रकल्पाचा अहवाल तयार करत होते. मंजुरीपूर्वी जनसुनावणी अटळ, आणि सुनावणीत तात्या अटळ. माझा हा पहिलाच प्रकल्प. तो अडकला असता तर मीही अडकले असते. म्हणून दुर्गंधी, सांडपाणी, भरतीचे पाणी अशा प्रत्येक संभाव्य हरकतीचे उत्तर मी तोंडपाठ केले होते.

सुनावणीत सगळ्यांचे एकच मागणे होते: कचऱ्याच्या गाड्या आमच्या दारावरून नकोत. मग तात्या उठले.

“हरकत हाय! प्रकल्पाचं गेट पलीकडं कशाला? माझ्या दारासमोर ठेवा.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “आजोबा, दिवसभर गाड्या जातील.”

“जाऊ दे की!”

“वास येईल.”

“येऊ दे. कायतरी येईल तरी!”

“तात्या, कचऱ्याला चहा पाजणार काय?” मागून कुणीतरी ओरडले. सभा हसली. तात्याही हसले; पण खाली बसले नाहीत.

खाडीच्या बांधालगत त्यांचे एकटेच घर आहे. काकी गेल्या, मुलगा परदेशी. त्या वाटेला कुणी फिरकत नाही.

गाड्यांचा मार्ग घरांपासून दूरच ठेवावा लागतो, त्यामुळे गेट हलले नाही. प्रकल्पाला मंजुरी मिळाली, परंतु एका अटीवर: सर्वांत जवळच्या घरापाशी हवेची नियमित तपासणी व्हावी. ती अट मीच सुचवली होती. शास्त्रीयदृष्ट्या ती निर्दोष होती.

सर्वांत जवळचे घर तात्यांचे.

आता हवा मोजणारे यंत्र त्यांच्या अंगणात आहे आणि ते तपासायला मी जाते. ओटीवर खुर्ची आधीच मांडलेली असते. परवा काम उरकून मी पिशवी उचलली.

“हरकत हाय,” तात्या पुटपुटले. “आत्ता तर आलीस गो.”

हरकत मान्य करून मी पुन्हा बसले.