गुंजाळ सरांचं पर्जन्यमान

गुंजाळ सर नव्या माणसाला नाव विचारत नसत. "तुमच्याकडं पाऊस किती?" विचारत. उत्तर मिळालं की त्यांना अख्खा माणूस कळायचा!

बेल्ह्याच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी गणित. हेडमास्तर त्यांच्या लेखी टुंड्रा प्रदेश. "वर्षातनं दोन म्हयने बर्फ इतळतो, तेवढ्यात रजेचा अर्ज टाकायचा." क्लार्क म्हणजे वाळवंट. "कितीबी चहा ओता, हिरवळ न्हाई." मी घाटमाथ्यावरच्या घाटघरचा, म्हणून सदाहरित वन. "घाटावर गच्च रान, जुन्नरकडं पानझडी, आळेफाट्यापुढं, आपल्या बेल्ह्याकडं, गवत अन् बाभळी. पाऊस सरत जातो तसं रान बदलतं. हवामानापुढं कुणाचं चालत न्हाई, राव!" रोज तेच ऐकून माझं डोकं उठायचं.

नव्वदीतल्या एका उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, बेल्ह्यात जमत आलं. स्थळ मीच आणलेलं. मुलगा सरांचा जुना विद्यार्थी, म्हणून सुपारी फोडायला मुलाकडच्यांबरोबर सरही घाटघरला आले. ताटात सुपारी ठेवली, आणि सर ताडकन उभे राहिले.

"थांबा. फोडू नका."

आमच्या वडिलांचा चेहरा पांढरा पडला. बैठक मोडली की पोरीचं नाव चार गावांत खराब होतं. दाराआड सुमन उभी होती, आणि तिला मुलगा मनापासून आवडला होता.

"पोरगी ओल्या रानातली," सर म्हणाले. "आमच्याकडं काटेरी झुडपं. हे जमायचं न्हाई."

त्यांना बाही धरून खाली ओढावंसं वाटलं मला. "अहो सर, माणसं आहेत ही, झाडं नाहीत!" मी ओरडलोच.

"मी बी तसंच समजलो व्हतो," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज बसला. "आमची ही इकडलीच. आषाढ लागला की अंगणात उभी राहून मावळतीकडं, घाटाच्या बाजूला बघायची. मी वर्गात साऱ्या जगाचा पाऊस शिकवला. तिला एकदा विचारलं न्हाई, जायचं का म्हणून. एकवीस वर्षं. तशीच वारली मग."

सर मुलापुढं जाऊन बसले. आपल्याच विद्यार्थ्यापुढं त्यांनी हात जोडले.

"दर आषाढात या पोरीला म्हयनाभर इकडं धाडशील? लेकरं झाली तरी? घरात अडचण असली तरी?"

मुलानं आईकडं पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला.

"धाडीन, सर," तो म्हणाला. "मी स्वतः आणून सोडीन."

सुपारी फुटली. गडबडीत सर कुठं दिसेनात. मी परसात गेलो, तर हिरड्याच्या झाडाखाली एकटेच उभे होते. इतकी वर्षं ज्यांच्यावर मी चिडत होतो, त्या माणसाशेजारी जाऊन उभा राहिलो.

"आमच्या हिच्या माहेरची वाडी कुठल्या अंगाला रे?" त्यांनी हळूच विचारलं. "लग्नानंतर मी इकडं आलोच न्हाई."