कोडी वेदरॉलचा फॉर्म

जुलैतल्या एका शनिवारी, ऐन हिवाळ्यात, ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्याच्या दुसऱ्या सत्रात, कोडी वेदरॉलच्या हातून एक साधा झेल सुटला आणि बुरूनडेल गावापुढे फॉर्मचा प्रश्न उभा राहिला. झेल इतका सोपा होता की ग्लेनिसच्या मते तो तिने ॲप्रन न सोडता एका हाताने घेतला असता. ग्लेनिस मैदानावरचं कॅन्टीन चालवते. झेल सुटला तेव्हा ती सॉसेज रोल गरम करत होती आणि मैदानाकडे तिची पाठ होती. पण बुरूनडेलमध्ये मत द्यायला पाठ आड येत नाही.

कोडी हा संघाचा मधल्या फळीचा खेळाडू. पंचाने मैदानाच्या मध्यावर चेंडू आपटला की तो आधी कोडीच्या हाती यायचा आणि मग बाकीचे सतराजण कामाला लागायचे, असा तिथला शिरस्ता. क्लबने शेवटचं अजिंक्यपद मिळवलं तेव्हा देस किनेनच्या डोक्यावर केस होते. यंदा संघ गुणतक्त्यात पहिला होता, आणि देसने बायकोला बजावून सांगितलं होतं, "नोरीन, एकदा बुरूनडेलला जिंकलेलं बघितलं की मी डोळे मिटायला मोकळा."

"डोळे तर तुझे रोज सूर्य डोक्यावर येईपर्यंत मिटलेलेच असतात," नोरीन म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. देसचा दुभत्या गायींचा मोठा गोठा. पूर्वी पहाटे चारला उठून तो स्वतः धारा काढायचा. पण लेकीचं, ब्रायडीचं, कोडीशी लग्न झालं त्याच आठवड्यात देसची पाठ धरली, ती अजून सुटलेली नाही. डॉक्टरांना पाठीत काही सापडलं नाही. त्यावरून दुखणं किती खोलवरचं आहे हे देसने ओळखलं. तेव्हापासून पहाटेच्या आणि संध्याकाळच्या धारा जावई काढतो. शुक्रवारी संध्याकाळी तो बर्नी टूहिलच्या लोखंडी सामानाच्या दुकानापुढे ट्रक रिकामा करून देतो, कारण बर्नी क्लबचा अध्यक्ष आहे. गुरुवारी ग्लेनिसचे बटाटे सोलतो, कारण ग्लेनिस एकटी आहे. हे सगळं क्लबवरच्या प्रेमापोटी चालतं, आणि प्रेमाबद्दल पगार विचारणं बुरूनडेलमध्ये असभ्य समजतात.

तर या तिघांची, म्हणजे देस, बर्नी आणि ग्लेनिस यांची, फॉर्म मूल्यमापन उपसमिती नेमण्यात आली. देसच्या नावाला कुणीतरी हरकत घेतली, की हा तर सासरा.

"सासरा आहे म्हणून मी जावयाच्या बाजूने बोलेन असं ज्याला वाटतं," देस म्हणाला, "त्याने कुठल्याही जावयाला विचारून बघावं."

निःपक्षपातीपणाचा मुद्दा तिथेच निकाली निघाला.

पहिल्या बैठकीला कोडीला बोलावण्यात आलं. तो गोठ्यावरून थेट आला होता, गमबूट घातलेलेच होते.

"बस, गड्या," बर्नी म्हणाला. "घाबरू नकोस. ही काही चौकशी नाही. आम्ही फक्त प्रश्न विचारणार आणि तू उत्तरं देणार."

"विचारा."

"तुला नेमकं होतंय काय?"

"थोडा दमलोय."

"कशाने?" देसने विचारलं.

कोडीने देसकडे पाहिलं. मग बर्नीकडे पाहिलं, मग ग्लेनिसकडे. पोरगा स्वभावाने गरीब. "हवा जरा दमट आहे," तो म्हणाला.

खेळाडू आपल्या अपयशाचं खापर हवामानावर फोडतो, अशी नोंद झाली. मग कारणमीमांसेला सुरुवात झाली. बर्नीच्या मते सगळं दाढी वाढवल्यापासून बिघडलं. ग्लेनिसच्या मते ब्रायडी त्याला घरी पालेभाज्या खाऊ घालते, तिथे घात झाला. देसने बराच वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजकालच्या पोरांत ती भूकच नाही." या वाक्यावर दोघांनी माना डोलावल्या, कारण हे वाक्य देसच्या बापाने देसबद्दल, बर्नीबद्दल आणि ग्लेनिसच्या नवऱ्याबद्दल म्हटलं होतं आणि तेव्हाही ते अगदी बरोबर होतं.

तोंडी मतांना पुरावा नसतो म्हणून शास्त्रीय पद्धत ठरवण्यात आली. बुरूनडेलमध्ये सामना गाडीत बसून बघतात. मैदानाच्या कुंपणाला नाक लावून गाड्या उभ्या असतात, प्रत्येक घराण्याची जागा आजोबांपासून ठरलेली, आणि गोल झाला की सगळे भोंगे वाजवतात. उपसमितीने ठरवलं की यापुढे कोडीच्या प्रत्येक खेळीचं मूल्यमापन भोंग्याने व्हावं. चांगल्या खेळीला दोन आखूड, वाईट खेळीला एक लांब.

पद्धतीत दोष नव्हता. थंडी मात्र होती. गाड्यांमध्ये हीटर चालू, काचांवर वाफ, आणि चेंडू नेहमी पलीकडच्या बाजूला. ज्याला दिसत नसे तो शेजाऱ्याच्या भरवशावर भोंगा वाजवी आणि शेजारी त्याच्या. शेवटच्या सत्रात थर्मासकडे हात लांबवताना देसचं कोपर भोंग्यावर टेकलं. उपसमितीचा लांब भोंगा ऐकून अख्खं मैदान लांब वाजू लागलं. त्याच क्षणी कोडीने तिघांना चुकवून गोल मारला होता. अहवालात लिहिलं गेलं, 'गोल झाला, परंतु चाहत्यांचा विश्वास संपादन करण्यात खेळाडूस अपयश आले.'

त्यावर बर्नीचं म्हणणं पडलं की कोडीने गाड्यांच्या जवळ येऊन खेळायला हवं. "मी तिकीट काढून आत येतो, आणि हा मला दिसेल असा खेळत नाही. याला बेफिकिरी म्हणतात."

कोडी मग गाड्यांजवळून पळू लागला. संघ हरू लागला. फॉर्मची शंका खरी ठरल्याचं समाधान तिघांच्या चेहऱ्यावर दिसू लागलं, आणि आता केवळ मूल्यमापन पुरे नाही, उपाय हवेत, असं ठरलं.

उपाय सुचवण्यात कुणीही हात आखडता घेतला नाही. बर्नीने सांगितलं की मांड्यांत ताकद येण्यासाठी कोडीने शुक्रवारबरोबर मंगळवारचाही ट्रक रिकामा करावा, आणि सिमेंटच्या गोण्या एकेक न नेता दोन-दोन न्याव्यात. ग्लेनिस म्हणाली, नजर चेंडूवर ठरत नाही, तर बटाटे सोलताना एकही डोळा शिल्लक राहता कामा नये, आणि त्यासाठी बटाट्यांचं प्रमाण वाढवायला ती तयार आहे. देसचा त्याग सर्वांत मोठा होता. गायी वळवून आणायला कोडी मोटरसायकल वापरायचा. ती देसने शेडमध्ये घालून कुलूप लावलं. "पायी आण," तो म्हणाला. "दम वाढेल."

"मी सकाळी सामन्याआधी थोडा झोपलो तर?" कोडीने विचारलं.

"झोप?" बर्नी म्हणाला. "बेटा, आमच्या वेळी झोपून कुणी सामने जिंकले नाहीत."

त्या रात्री जेवताना नोरीनने काटा खाली ठेवला. "देस, अंतिम सामन्यापर्यंत सकाळच्या धारा तू काढ. एवढंच कर. बाकी तुझी ती समिती आणि तिचे भोंगे गेले खड्ड्यात."

देस घाबरला. गोष्ट इतकी सरळ होती की तिच्यात पळवाट सापडेना. एका बाजूला आयुष्यभराचं स्वप्न, दुसऱ्या बाजूला उबदार गादी. पोराच्या डोळ्यांखालची वर्तुळं त्याला दिसत नव्हती असं नाही. "बघतो," तो म्हणाला, आणि विचार करता यावा म्हणून लवकर झोपायला गेला. सकाळी जाग आली तेव्हा धारा निघाल्या होत्या.

तरीही संघ रडतखडत अंतिम सामन्याला पोचला. प्रतिस्पर्धी लेक टॅरल, शेजारचं गाव, ज्याच्याशी बुरूनडेलची लग्नकार्यं होतात पण बोलणं नसतं. तीन सत्रं बरोबरीत गेली. शेवटच्या सत्राआधीच्या सुटीत रिवाजाप्रमाणे सगळं गाव गाड्यांतून उतरून मैदानात शिरलं आणि प्रशिक्षकाचं भाषण ऐकायला खेळाडूंभोवती कोंडाळं करून उभं राहिलं. खेळाडू एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून मध्ये उभे होते. कोडीने मान खाली घातली होती.

"बघा, कसा ऐकतोय," ग्लेनिस म्हणाली. "नजर आली जाग्यावर. बटाटे लागू पडले."

खेळ सुरू करण्याचा भोंगा झाला, कोंडाळं सुटलं, आधार गेला, आणि कोडी मैदानाच्या मध्यावर अलगद खाली बसला, मग आडवा झाला आणि घोरू लागला. पंचाने त्याला दोनदा हलवलं. झोपलेल्या खेळाडूबद्दल नियमांत काही नव्हतं, त्यामुळे त्याच्याशेजारी चेंडू आपटून खेळ सुरू करण्यात आला. बुरूनडेलच्या गाड्यांनी एकच लांब भोंगा धरला. देसने तर बॅटरी उतरेपर्यंत धरला. गोठ्यातल्या यंत्राच्या घरघरीत रोज काम करणाऱ्या माणसाला त्या आवाजाने आणखी गाढ झोप लागली. लेक टॅरलच्या एका धिप्पाड खेळाडूने जाता जाता स्वतःचं जाकीट मागवून त्याच्या अंगावर घातलं. बुरूनडेल एका गुणाने हरलं.

त्याच संध्याकाळी लेक टॅरलचा अध्यक्ष कोडीच्या घरी आला. त्याने एकच प्रश्न विचारला, "तुला सकाळी किती वाजता उठायला आवडेल?" कोडी उत्तर शोधत होता तोवर ब्रायडीने खोकी भरायला घेतली.

उपसमितीच्या अंतिम अहवालाप्रमाणे फॉर्म जाण्याचं मूळ कारण निष्ठेचा अभाव हे होतं.

पुढच्या हंगामात कोडी लेक टॅरलकडून बुरूनडेलच्याच मैदानावर उतरला आणि त्याने एकट्याने सामना फिरवला. वाफाळलेल्या काचांतूनही ते दिसलं. बैठकीत बर्नी अभिमानाने म्हणाला, "हे आपल्याच उपायांचं फळ. उशिरा लागू पडलं, एवढंच."

"आणि त्याने कधी आभार मानलेत?" ग्लेनिस म्हणाली.

देस कोपऱ्यात बसला होता. कोडी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याची पाठ बरी झाली होती, कारण पाठीला दुसरा मार्ग उरला नव्हता. तो आता पहाटे चारला उठे. डोळे चोळत तो म्हणाला, "पोरगा दमला होता."

"काय म्हणालास?"

"दमला होता तो. फॉर्म-बिर्म काही नाही. आपण तिघांनी त्याला दमवला. त्यातही मी जास्त."

मग ग्लेनिस हळुवारपणे म्हणाली, "देस, राग मानू नकोस. पण तुझी मतं हल्ली पूर्वीसारखी राहिली नाहीत."

"धार गेली," बर्नी म्हणाला. "थोडी विश्रांती घे." आणि देसला एकमताने समितीतून वगळण्यात आलं.

घरी येऊन देसने लेकीला फोन लावला. बऱ्याच महिन्यांनी लावला होता, आणि काय बोलायचं हे वाटेत दोनदा घोकून ठेवलं होतं.

"तो झोपलाय, बाबा," ब्रायडी म्हणाली. "उठवू का?"

"नको," देस म्हणाला. "झोपू दे त्याला." त्याने फोन ठेवला आणि तो खुर्चीत तसाच बसून राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं. गोठ्यात गायी हंबरू लागल्या होत्या.

समितीतली जागा अजून रिकामी आहे. पात्रतेच्या अटी सोप्या आहेत. अर्जदाराने एकही सामना पाहिलेला नसावा. चेंडू गोल असतो की लांबट हे माहीत नसलं तरी चालेल. कोडीने काय करायला हवं होतं याबद्दल मात्र त्याचं मत एव्हाना पक्कं झालेलं असावं. त्याच्या घरात त्याच्याआधी उठणारं एक माणूस असावं, आणि त्या माणसाच्या हातचा चहा हल्ली पूर्वीसारखा होत नाही, असं त्याने या आठवड्यात एकदा तरी बोलून दाखवलेलं असावं. बर्नीने तुमचं नाव सुचवलं आहे.