रथचक्रांस चिंच लागली त्याची बखर

श्री. दसऱ्यास ज्या ज्या यंत्रावर झेंडूचे फूल चढते, त्या सर्वांची देवता या लेखणीवर कृपा करो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, दर्याकाठच्या एका दौलतीत वर्तमान वर्तले ते ऐसे जे: दौलतीचे धनी निळकंठराव, आणि दौलत म्हणावी तर तीन खोल्या, एक पडवी आणि पडवीपुढे पांढरा मोटाररथ. रथ जुना, परंतु चाके अलॉयची, आरशासारखी चकचकीत, म्हणून रावांनी मोठ्या हौसेने घेतलेली. ती चाके काळवंडली आणि त्यांवर पांढरे डाग चढले आणि जागोजाग खड्डे पडले. रावांनी सारा दोष खाऱ्या वाऱ्यावर घातला आणि मग भाद्रपद वद्यात चाकांचे वैद्य उस्ताद गनीभाई यांचे कारखान्यात खासा रथ नेऊन उभा केला.

उस्तादांनी चाकावर बोट फिरविले आणि ते नाकाशी नेले आणि म्हणाले, "रावसाहेब, हे एकट्या दर्याचं काम नाही. कुणीतरी राखेनं घासलंय, त्यानं वरचा लाखेचा थर गेला. आणि मग आंबट चोळलंय. पितळेला मानवतं ते ह्याला नाही हो मानवत."

ऐकताच तो हात कोणाचा ते रावांस उमगले. कारण की दर दसऱ्यास त्यांचे कुटुंब सुमित्राबाई देवांची पितळी उपकरणी घासून होताच तोच चिंचेचा कोळ आणि तीच बंबाची राख घेऊन, पदर खोचून रथापाशी बसत आणि चारही चाके देवांच्याच निगुतीने घासत, आणि मग शेजारणींस सांगत, "गाडी ह्यांची, पण लकाकी माझ्या हातची!" बारा दसरे ऐसे गेले. बाईंस रथ हाकता येत नसे, रथावर त्यांची सत्ता ती एवढीच. ती हिरावून घेण्याची रावांची छाती होईना. "गनीभाई, घरी कळता कामा नये," इतके बोलून राव स्वतः बाह्या सारून बसले.

मग मोहीम मांडिली. चाके उतरविली आणि उरलासुरला थर औषधाने सोलून काढिला आणि पॉलिशपेपर पाण्यात भिजवून आधी खरबरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ ऐसा चालविला, आणि खड्डे निघेतो हात थांबविला नाही. उस्तादांनी दहा वेळा सांगितले की हे काम यंत्राने होते, परंतु राव ऐकतील तर शपथ. नखे तुटली, बोटे सोलवटली. घरी बाईंनी विचारिले तर "सांधे धरलेत" म्हणून वेळ मारून नेली, आणि बाई रोज कोमट तेल घेऊन एकेक बोट चोळू लागल्या. खोटे बोलून तेल लावून घेण्याची रावांस लाज वाटे, आणि बरेही वाटे. अखेर नव्या लाखेचा हात देऊन, वर मेण फिरवून, बाराव्या दिवशी मोहीम फत्ते झाली आणि चाकांत तोंड दिसू लागले.

पुढे दसरा उजाडला आणि सुमित्राबाई चिंचेची वाटी आणि राख घेऊन बाहेर आल्या. "घासू ना?" ऐसे विचारिते झाल्या. रावांनी चाकांकडे पाहिले, मग बाईंकडे पाहिले. बारा दिवसांची कमाई एका वाटीत बुडणार हे दिसत होते. तरी "घास" म्हणाले आणि तोंड फिरवून झेंडूच्या माळेत नसलेली गाठ सोडवू लागले.

बाईंनी वाटी खाली ठेविली. "बोटं सोलून चाकं उजळलीत, आणि आता घास म्हणता? बाजारात गनीभाईंची बायको भेटली, तिनं सगळं सांगितलं. तुम्ही बोलताय का ते बघायला वाटी आणली. एकदा सांगायचं होतंत की हो!"

राव म्हणाले, "चाकं काय, पुन्हा घासता येतात. तुझं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं."

मग बाईंनी साबणपाणी आणि मऊ फडके आणिले आणि चारही चाके अलगद पुसिली, आणि शेवटच्या चाकात पाहून कपाळीचे कुंकू नीट केले. कोळ आमटीस गेला. आमटी अशी आंबट झाली की दात शिवशिवले, तरी रावांनी दोनदा मागून घेतली.

सारांश: चाके चार, चारही उजळली; अपराधी कोणी ठरला नाही. चिंचेस आता स्वयंपाकघराची हद्द नेमून दिली आहे. शेजारणी रथापाशी थांबल्या की आता राव स्वतःच पुढे होऊन सांगतात, "गाडी माझी, पण लकाकी हिच्या हातची." इतके लिहून लेखणी पुसून ठेविली.